तोच की तसाच? मूळ रंगातल्या मसल कारच्या विक्रीची पार्श्वभूमी

मूळ रंगातली, सीटचं कापडही न बदललेली मसल कार, म्हणजे मोठं, ताकदवान इंजिन बसवलेली जुनी अमेरिकी गाडी, आज अमेरिकेत रिस्टोअर केलेल्या, म्हणजे पुन्हा नव्यासारख्या केलेल्या गाडीच्या बरोबरीने, कधी तिच्याहून चढ्या भावाने जाते. चाळीस वर्षांपूर्वी अशी गाडी म्हणजे काम बाकी असलेली गाडी. त्या कामाचा खर्च घेणारा आधीच किमतीतून वजा करायचा.

मागचा इतिहास थोडक्यात. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन नको, हा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. १९६४ मध्ये त्याच कंपनीच्या पाँटिअ‍ॅकने ३८९ घनइंचांचं इंजिन जीटीओ या 'ऑप्शन'च्या नावाखाली विकून तो चुकवला. १९७० च्या शेव्हरले शेव्हेलमध्ये ४५४ घनइंच आणि ४५० हॉर्सपॉवर इथवर मजल गेली. मग विम्याचे वाढते हप्ते, धुरावरचे निर्बंध, १९७१ मध्ये उतरवलेला कॉम्प्रेशन रेशो (इंजिनात इंधन-हवेचं मिश्रण किती दाबलं जातं ते प्रमाण) आणि १९७३ ची तेलटंचाई, यांत हे पर्व आटोपलं.

खरी नासाडी त्यानंतर झाली. या गाड्या आता पेट्रोल पिणाऱ्या, स्वस्तातल्या जुन्या गाड्या होत्या. तरुण पोरांनी त्या शर्यतीत पळवल्या, इंजिनं फोडली, मिळेल ते बसवलं. पुढे त्याच पिढीच्या हाती पैसा आला आणि गाडी पार सुटी करून नव्याने उभी करायची लाट आली. कारखान्यातून कधी निघाला नव्हता असा आरशासारखा रंग चढला. या लाटेत धडधाकट गाड्याही घासून काढल्या गेल्या, याची हळहळ वाटते. सांध्यावर ओघळून वाळलेला रंग, फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावर) तपासनिसाने खडूने केलेली खूण, हे एकदा पुसलं की पुन्हा मिळत नाही.

बनावटगिरीही याच काळात वाढली आणि 'मॅचिंग नंबर्स', म्हणजे इंजिनावरचे आकडे गाडीशी जुळणं, हा शब्द बाजारात रुजला. या शब्दाने जितके व्यवहार जमवले तितकेच नासवले. साधारण १९६८ पासून इंजिनावर गाडीच्या ओळख क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. त्याआधीच्या अनेक गाड्यांवर मात्र इंजिनाचा प्रकार आणि ते बनल्याची तारीख एवढंच. अशा गाडीत योग्य प्रकाराचं, योग्य महिन्यातलं दुसरंच इंजिन आणून बसवलं तरी आकडे 'जुळतात'. मराठीत ही अडचण येत नाही, कारण आपल्याकडे 'तोच' आणि 'तसाच' असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजी जाहिरातीतलं 'मॅचिंग' या दोहोंच्या मधे लोंबकळतं. वॉरंटीत इंजिन फुटलं की शेव्हरले नवा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, द्यायची, त्यावर 'सीई' ही अक्षरं असत. तो ब्लॉक गाडीच्या इतिहासाचाच भाग, तरी आकडे जुळत नाहीत म्हणून अशा गाडीची किंमत पाडतात. हे मला अन्यायाचं वाटतं. उलट जुने आकडे घासून नवे ठोकलेला ब्लॉक बेधडक 'मॅचिंग' म्हणून खपतो. तो ओळखायची एक खूण आहे. शेव्हरलेच्या कारखान्यात ब्लॉकचा माथा तासला जाताना त्यावर बारीक समांतर रेषा उमटत. तिरका उजेड टाकला की त्या दिसतात. आकड्यांखालीच रेषा नसतील तर शंका घ्यावी.

'सर्व्हायव्हर', म्हणजे मूळ अवस्थेत टिकून राहिलेली गाडी, या शब्दाचंही असंच झालं. १९९० मध्ये इलिनॉयमधल्या कॉर्व्हेट या शेव्हरलेच्या स्पोर्ट्स कारच्या एका मेळ्याने या नावाचा दाखला सुरू केला. गाडी वीस वर्षांहून जुनी हवी, स्वतः चालत आलेली हवी आणि निम्म्याहून अधिक मूळ अवस्थेत हवी, असा निकष ठरला. शब्द ट्रेडमार्क म्हणून नोंदवलाही गेला, पण जाहिरातदारांनी तो कधीच पळवला होता. मधे एकदा पूर्ण रंगवलेली गाडीही आज सर्रास सर्व्हायव्हर म्हणून विकायला येते. विकणाऱ्याने कोणता पत्रा कधी रंगवला ते सरळ लिहावं. रंगाची जाडी मोजणारं यंत्र ते दोन मिनिटांत सांगतंच.

सप्टेंबर २०१३ मध्ये नेब्रास्कातल्या पिअर्स गावी, बंद पडलेल्या शेव्हरले डीलरकडच्या सुमारे ५०० गाड्यांचा लिलाव झाला. त्यातला १९५८ चा कॅमिओ पिकअप अवघा १.३ मैल चाललेला होता. इमारतीचं छत कोसळून त्याच्या टपाला पोचा पडलेला, तरी १ लाख ४० हजार डॉलर आले. तो मसल कार नव्हे, पण गाडी धुळीसकट दाखवायची रीत त्यानंतर मसल कारच्या बाजारातही पक्की झाली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात १९६८ ची एक हिरवी फोर्ड मस्टँग लिलावाच्या शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर चित्रीत झालेल्या, 'बुलिट' सिनेमातल्या गाजलेल्या पाठलागातली ही गाडी १९७४ पासून एकाच घरात होती. त्या घराने यंत्र चालू करून घेतलं. गंज आणि विटलेला रंग मात्र तसाच ठेवला.

क्रायस्लर या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या गाड्या न उघडण्याचा आणखी एक फायदा आहे. जुळणीच्या वेळी गाडीबरोबर फिरणारा कागद, ब्रॉडकास्ट शीट, कामगार पुष्कळदा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खोचून ठेवत. गाडी कोणत्या इंजिनासह, कोणत्या रंगात निघाली ते सगळं त्यावर छापलेलं असे. सीटचं कापड बदलताना तो कित्येकदा कचऱ्यात गेला. ज्या गाडीची सीट कुणी उसवलीच नाही, तिथे तो पिवळा पडलेला कागद अजूनही सापडतो.