अक्यूट लिहिलंय तरी अनस्पेसिफाइड का? कानाच्या कोडिंगची पार्श्वभूमी

डॉक्टरने चार्टमध्ये, म्हणजे पेशंटच्या नोंदीत, लिहिलेल्या निदानाला आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड लावायचा, हे आम्हा कोडरांचं काम. त्यातला एच ६६.९१ हा कोड एकदा नीट वाचून बघा. ओटायटिस मीडिया (मधल्या कानाचा दाह), अनस्पेसिफाइड, उजवा कान. म्हणजे कान कुठला ते पक्कं माहितीये, आजार नेमका कुठल्या प्रकारचा ते मात्र माहीत नाही. आणि ज्या चार्टला हा लागतो त्यात डॉक्टरने बऱ्याचदा व्यवस्थित ‘अक्यूट ओटायटिस मीडिया’, म्हणजे अचानक उठलेला, असं लिहिलेलं असतं. नवीन आलेली पोरं हमखास विचारतात की अक्यूट लिहिलंय ना, मग अनस्पेसिफाइड कसं, आणि सीनियर सांगतात की कोडच्या पुस्तकातला इंडेक्स तिकडेच नेतो, लाव आणि पुढे चल. उत्तर बरोबरच आहे पण अर्धं आहे.

आजारांची ही आंतरराष्ट्रीय यादी १८९३ साली सुरू झाली तेव्हा ती फक्त मृत्यूच्या कारणांची होती, मरण न आणणारे आजार तिच्यात रीतसर आले ते १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत. मस्टॉइड म्हणजे कानामागचं हाड, त्याला थेट कानाच्या बरोबरीने नावात जागा का मिळाली असा प्रश्न पडतो ना, तर अँटिबायोटिक यायच्या आधी कानातला पू त्या हाडात उतरायचा आणि तिथून मेंदूपर्यंत जायचा, त्यात पोरं जायची. त्यामुळे सहाव्या आवृत्तीत मधल्या कानाच्या आजाराची वाटणीच अशी होती की मस्टॉइडायटिस, म्हणजे त्या हाडाचा दाह, सोबत आहे का नाही. तो काळ बघता हे अगदी बरोबर होतं.

नंतर पेनिसिलिन रुळलं, मस्टॉइडची ऑपरेशनं खूप कमी झाली आणि नवव्या आवृत्तीत वाटणी बदलली. आता प्रश्न पू आहे का नाही हा. ३८१ मध्ये पू नसलेले, ३८२ मध्ये पुवाळलेले म्हणजे सप्युरेटिव्ह, आणि त्याच ३८२ च्या शेपटाला अनस्पेसिफाइड. अमेरिकेने याचीच स्वतःची वाढवलेली आवृत्ती १९७९ पासून वापरली ती थेट ३० सप्टेंबर २०१५ पर्यंत, आणि आपल्याकडे पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेचे चार्ट करणाऱ्या जुन्या लोकांचा हात याच आकड्यांवर बसलाय.

घोळ आहे तो ३८२.९ मध्ये. त्याच्याखाली तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या: नुसतं ओटायटिस मीडिया, पुढे काही न लिहिलेलं अक्यूट, आणि पुढे काही न लिहिलेलं क्रॉनिक, म्हणजे जुनाट. तिन्ही एकाच खणात! आपल्याकडे आजीलासुद्धा ठणकणारा कान आणि वाहणारा कान यातला फरक कळतो, ठणकणाऱ्याला रात्रभर मांडीवर घेऊन बसतात आणि वाहणारा वर्षानुवर्षं तसाच कापूस घालून चाललेला असतो. पण कोडच्या हिशोबाने दोन दिवस तापलेलं पोर आणि वीस वर्षं कान वाहणारा माणूस एकच, जोपर्यंत कोणी ‘सप्युरेटिव्ह’ हा शब्द लिहीत नाही तोपर्यंत.

आणि तो शब्द बालरोगवाले लिहीतच नाहीत. २०१३ च्या अमेरिकेतल्या बालरोगाच्या गाईडलाइनमध्ये अक्यूट म्हणायला कानाचा पडदा फुगलेला असणं ही मुख्य खूण धरली आहे. फुगलेल्या पडद्यामागे काय असतं हे डॉक्टरला माहितीये, त्याला वेगळं लिहायची गरज वाटत नाही. कोडरला मात्र वर्णनावरून निदान काढायची परवानगी नाही, आणि ती नसावीच, आम्ही डॉक्टर नाही. म्हणजे डॉक्टरच्या डोक्यात जी गोष्ट ‘अक्यूट’ या शब्दातच आली ती यादीच्या लेखी आलेलीच नसते.

दहावी आवृत्ती आली तेव्हा हे सुधारायची संधी होती. कानाला मज्जासंस्थेच्या चॅप्टरमधून बाहेर काढून एच ६० ते एच ९५ असा स्वतंत्र चॅप्टर दिला, मोठी गोष्ट होती ती. पण एच ६६.९ खाली तेच तिघं जसेच्या तसे उतरवले. अमेरिकेने तारीख ढकलत, २०१३ चं २०१४ आणि २०१४ चं २०१५ करत शेवटी १ ऑक्टोबर २०१५ ला आपली दहावी आवृत्ती लागू केली, निदानाचे कोड साधारण चौदा हजारांवरून सत्तर हजारांच्या आसपास गेले, उजवा डावा दोन्ही सगळं आलं, पण हा खण फोडला नाही. उलट गुंता वाढला, कारण परत परत होणाऱ्यासाठी वेगळे कोड दिले ते सप्युरेटिव्हच्या आणि पू नसलेल्या अक्यूटच्या खाली. एच ६६.००१ म्हणजे उजवा, पडदा न फुटलेला, एच ६६.००४ म्हणजे तोच पण परत झालेला. एच ६६.९ खाली फक्त बाजू. पोराचा कान वर्षात चौथ्यांदा ठणकला तरी शब्द नसेल तर ते चौथ्यांदा कुठेच दिसत नाही.

पहिले बारा महिने सरकारी विम्याने सांभाळून घेतलं, कोड बरोबर कुळातला असेल तर बारीक तपशिलासाठी डॉक्टरांचं बिल नाकारणार नाही म्हणून. १ ऑक्टोबर २०१६ पासून ती सवलत संपली आणि अनस्पेसिफाइड हा शब्द ऑडिट रिपोर्टमध्ये शिवीसारखा यायला लागला. त्याच दिवशी बहिरेपणात एच ९०.ए चे नवे कोड आले, एका कानाला ठराविक प्रकारचा बहिरेपणा आणि दुसऱ्याचंही ऐकू येणं कमी अशांसाठी, म्हणजे मनात आणलं की खण फोडता येतो. अकरावी आवृत्ती २०१९ ला मंजूर होऊन २०२२ पासून लागू आहे, तिच्यात बाजू वेगळ्या जोडकोडने लावतात, पण अमेरिकेचे चार्ट अजून दहावीवरच आहेत.

मागच्या महिन्यातला एक चार्ट. तीन वर्षांची मुलगी, उजवा कान ओढतेय, ताप, तपासणीत उजवा पडदा फुगलेला, मागे पिवळट द्रव, अमॉक्सिसिलिन. निदानात तीन अक्षरं, एओएम, म्हणजे अक्यूट ओटायटिस मीडिया. ‘सप्युरेटिव्ह आहे ना?’ असं सरळ विचारणं म्हणजे उत्तर तोंडात घालणं, ते चालत नाही, म्हणून तपासणीतल्या खुणा देऊन डॉक्टरला चार पर्यायांची क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘एओएम, उजवा.’ एच ६६.९१ लावून चार्ट बंद केला.