खाजन जमिनीतील सूक्ष्मप्लास्टिक

५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचे कण, तंतू व पापुद्रे गोव्यातील खाजन शेतांच्या मातीत साचून होणारे प्रदूषण. सूक्ष्मप्लास्टिक ही संज्ञा २००४ नंतर रूढ झाली, तीही समुद्रातल्या कचऱ्यामुळे. शेतमातीकडे अभ्यासक बऱ्याच उशिरा वळले.

खाजन म्हणजे मांडवी, जुवारी, साळ या नद्यांच्या खाऱ्या पट्ट्यात बांध घालून मिळवलेली, भरतीच्या पातळीखालची जमीन. चोडण, दिवाडी, सांतइस्तेव येथे ती आजही दिसते. बांधातल्या मानशीचे, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेचे, लाकडी दार भरतीच्या दाबाने मिटते व ओहोटीला उघडते. पिशव्या, बाटल्या, जाळ्यांचे तुकडे दाराबाहेर अडतात, बारीक कण मात्र फटींतून आणि मासळीसाठी आत घेतलेल्या पाण्याबरोबर शिरतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना साळ नदीच्या खाडीतील पाणी, गाळ आणि मासळी या तिन्हींत असे कण आढळले (२०२१). गाळच शेतात किंवा बांधावर चढवला, की नदीचे प्लास्टिक जमिनीचे होते.

सगळा दोष नदीवर टाकता येत नाही. पूर्वी बांध चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडांचा असे. आता बांधाला खांड (भगदाड) पडले की चिखल भरलेल्या खताच्या गोण्या रचतात. तातडीला तो उपाय चांगलाच. पण उन्हात महिनोन्‌महिने पडलेली गोणी उचलू जावे, तर हातात सुटलेल्या पट्ट्या येतात आणि चोळल्या की पांढरा भुगा. गोणीचे पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक कुजत नाही, चुरते. २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आहे. या गोण्यांना तो नियम लागू होत नाही. वरच्या शेतांत कलिंगड-मिरचीखाली अंथरलेला मल्चिंगचा (माती झाकण्याचा) प्लास्टिक कागद, नीट न निवडलेल्या कचऱ्याचे खत आणि टायरची झीज ही आणखी उगमस्थाने.

पॉलिएस्टरचे तंतू मिसळले की मातीच्या ढेकळांची जडण आणि पाणी धरण्याची क्षमता बदलते, असे प्रयोगांत दिसले आहे. गांडुळे कण खोलवर नेतात. खाजनात जडणीला वेगळेच महत्त्व : पहिल्या पावसात मीठ धुऊन निघाले, तरच कोरगुट हा खाऱ्या जमिनीतला भात धरतो.

शेतकऱ्यांची तक्रार बहुधा बाटल्यांच्या काचांची असते, कारण काच पायाला लागते. हे कण लागत नाहीत, आणि मोजायलाही अवघड. माती संपृक्त मिठाच्या पाण्यात ढवळली की पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पॉलिएस्टर व पीव्हीसी तळाशी जातात. त्यांच्यासाठी झिंक क्लोराइडसारखे जड द्रावण लागते. चिकण मातीतला सेंद्रिय भाग आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने जिरवावा लागतो, नाहीतर भाताच्या मुळाचा तंतू आणि गोणीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच भासतात.