नाताळचं ताट: नेवरी, दोदोल आणि साडेचारशे वर्षांचा शेजार

डिसेंबर लागला की गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आणि वसईच्या वाड्यांत तळणीची कढई चढते. नेवऱ्या, पिठाच्या छोट्या वळ्या तळून केलेले कुलकुल, दोदोल, चण्याच्या डाळीची दोस, नारळाची बोलिन्हां म्हणजे बिस्किटं असे पाच-सात प्रकार होतात आणि नाताळच्या सुमारास एकेक ताट झाकून शेजारी रवाना होतं. गोव्यात या ताटाला कोंसुआद म्हणतात; मुंबई-वसईकडे आणि मंगळुरात कुसवार. पोर्तुगालमध्ये कोंसुआद म्हणजे २४ डिसेंबरच्या रात्री घरच्या माणसांनी एकत्र बसून केलेलं जेवण. गोव्यात मात्र हेच नाव शेजाऱ्याकडे पाठवायच्या ताटाला चिकटलं. सण पोर्तुगिजांबरोबर आला हे खरं, पण तो साजरा करण्याची तऱ्हा त्यांची नव्हती.

अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला. पुढच्या काही दशकांत गोव्यातल्याच तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या तालुक्यांत मोठ्या प्रमाणावर धर्मांतरं झाली. बाटलेले लोक मनाने जुन्याच चालीरीतींत आहेत, हा चर्चचा संशय मात्र कधी फिटला नाही. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं आणि १७७४ ते १७७८ ही चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. त्याचा १७३६ चा हुकूमनामा स्वयंपाकघराचा इतिहास शोधणाऱ्याने मुद्दाम वाचावा असा आहे. ख्रिस्ती घरात तुळस नको, लग्नात ओव्या नकोत, फुलं आणि विडा-सुपारी वाटायची नाही, इतकंच काय, हिंदूंसारखा मिठाशिवाय भातही शिजवायचा नाही! अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ सालच्या ग्रंथामुळे हा सगळा तपशील अभ्यासकांच्या नजरेत आला. भाताच्या हंडीत मीठ पडलं की नाही यावर राज्यकर्त्यांनी लक्ष ठेवायचं म्हणजे कमालच. पण दोनशे वर्षांच्या धाकानंतरही असा हुकूम काढावा लागला, म्हणजे लोक जुन्या रीती सोडत नव्हते हेही त्यातूनच कळतं.

या सगळ्यातून नेवरी सुटली. नेवरी म्हणजे आपली करंजी. हिंदू घरात ती चतुर्थीला होते, ख्रिस्ती घरात नाताळला. सारणात नारळ, तीळ किंवा चण्याची डाळ, जसा घरचा हात असेल तसं. ती का सुटली असावी? माझ्या मते तिला कुठल्या मंत्राची किंवा मुहूर्ताची गरज नव्हती. नैवेद्याच्या पानावरून उचलून नाताळच्या ताटात ठेवली, तरी कुणाला हरकत घेता येण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. चण्याच्या डाळीच्या दोसचंही तसंच. पोर्तुगीज नावाने ती ओळखली जाते, पण डाळ शिजवायची, नारळ आणि साखर घालून घट्ट होईपर्यंत आटवायची, थापायची आणि शंकरपाळ्याच्या आकारात कापायची, हे कुठल्याही मराठी घरातल्या वडीचंच तंत्र आहे. उकड्या तांदळाचं भाजलेलं पीठ, गूळ आणि खोबरं घालून केलेलं पिनागर तर कोकणातल्या कुणालाही परकं वाटणार नाही.

बाहेरून आलेलं जे आहे तेही थोडंथोडकं नाही. पेराद हा पेरूचा घट्ट शिजवलेला गर. तो फळासकट अटलांटिकपलीकडून आलेला, काजूही तिकडूनच. दोदोलचं कूळ पूर्वेकडचं: मलाक्का, जावापासून श्रीलंकेपर्यंत तो याच नावाने होतो, आणि मलाक्का १५११ पासून पोर्तुगिजांच्याच हातात होतं. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ एवढंच साहित्य, पण ते तासन् तास ढवळत राहावं लागतं. हात थांबला की तळाशी लागलंच.

बेबिंका ही या ताटातली मानकरी. अंड्यांचा बलक, नारळाचं दूध, साखर, तूप, थोडा मैदा आणि जायफळ. पातळ थर ओतायचा, तो तांबूस भाजला की वर तूप सोडून दुसरा थर. परंपरेने सात थर, हौशी घरांत सोळाही. आच वरून लागायला हवी, म्हणून घरात भट्टी नसली तरी भांड्यावर झाकण आणि झाकणावर निखारे किंवा नारळाची पेटती सोडणं ठेवून काम भागवत. अख्खी दुपार जाते. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या बिबियाना नावाच्या जोगिणीने ती पहिल्यांदा केली असं सांगतात. मठ सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे, गोष्ट मात्र दंतकथाच मानावी. अंड्याच्या बलकाचे गोड पदार्थ ही पोर्तुगीज मठांची जुनी खासियत. इथे त्यात दुधाच्या जागी नारळ आला आणि पदार्थ गोव्याचा झाला.

जेवणाचं म्हणाल तर मध्यरात्रीच्या मिसेनंतर किंवा नाताळच्या दुपारी डुकराच्या मांसाचं सोरपोतेल आणि इडलीसारखी सान्नां. सोरपोतेल आदल्या दोन-तीन दिवसांतच करून ठेवतात. माडीच्या व्हिनेगरमुळे ते टिकतं आणि मुरल्यावर जास्त चांगलं लागतं. डुकराचं मांस आणि काळीज वापरायची पद्धत पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातली. त्यात इथल्या मसाल्याचा तिखटपणा शिरला, तोही पोर्तुगिजांनीच आणलेल्या मिरचीचा. सान्नांचं पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, आणि गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पाव फुगवायलाही पूर्वी तीच वापरत.

वसईची कहाणी वेगळ्या वळणाने जाते. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. म्हणजे गोव्यात पोर्तुगीज राज्य साडेचारशे वर्षं टिकलं, तर इथल्या ख्रिस्ती गावांनी दोनशे वर्षांनंतर मराठ्यांचा आणि मग इंग्रजांचा अंमल पाहिला. राज्य गेलं, नाताळ राहिला, आणि घरातली बोली मराठीच्या वळणाची राहिली. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, मुंबई-वसईकडच्या या लोकांपैकी अनेकांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. त्यांच्या ताटात नेवरी आणि कुलकुल आहेतच, शिवाय ताडीने फुगवलेल्या पिठाचे, हाताने सोडून तळलेले गोल फुगे. सोबतच्या इंदियाल या मांसाच्या तिखट रश्शात बाटली मसाला पडतो. तो उन्हाळ्यातच कांडून गडद रंगाच्या बियरच्या बाटल्यांत ठासून भरलेला असतो.

ताट पाठवण्याचे काही अलिखित कायदे आहेत. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल ते घर कढई चढवत नाही, त्याच्याकडे इतरांची ताटं जातात. दुखवट्यातल्या घरी दिवाळीचा फराळ पोचवणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. गोव्यात चतुर्थीला हिंदू घरातून ख्रिस्ती शेजाऱ्याकडे नेवऱ्या जातात, नाताळला ख्रिस्ती घरातून हिंदू घरी येतात. ज्या दोन समाजांत आडवी भिंत घालायचा हुकूमनाम्यांनी एवढा प्रयत्न केला, त्यांच्यातली ही ये-जा आज कुणाला विशेषही वाटत नाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, नाताळ अवघ्या सहा दिवसांवर होता.

पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेला गोंयकार धोबी तलावाच्या कुडांत, म्हणजे गावोगावच्या लोकांनी आपापल्या माणसांसाठी चालवलेल्या वसतिघरांत, राहायचा, जहाजावर चढणारा खलाशीही तिथेच उतरायचा. त्यांच्यामागून हे पदार्थ कराची आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत गेले. आता घरं लहान झाली, दोदोल ढवळायला हात मिळत नाहीत, आणि म्हापशाच्या बाजारात सगळं तयार मिळतं. बरीच घरं दोन जिन्नस घरी करतात, बाकीचे ओळखीच्या बाईंकडून मागवतात. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही, दिवाळीच्या चकल्यांचं आपण वेगळं काय करतो? २०२३ मध्ये बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं. नेवरीच्या वाट्याला ते येणं कठीण आहे. अर्ज कुणी करायचा, चतुर्थीवाल्यांनी की नाताळवाल्यांनी, यावरच आधी वाद होईल.