मध्यरेषेच्या वरची सहा टिंबं

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. समजावून सांगणारा इंटर्न केरळचा नाहीतर दिल्लीचा, त्याच्याकडे हिंदी आणि चार कन्नड शब्द. समोर खानापूर तालुक्यातली, फक्त मराठी बोलणारी आज्जी. "समजलं का?" असं विचारल्यावर आज्जी मान हलवते, कार्ड पिशवीत जातं आणि पुढच्या खाटेचा नंबर लागतो. बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच वॉर्डात बोलल्या जातात. तिथे "समजलं का?" या प्रश्नाला "हो" सोडून दुसरं उत्तर क्वचितच येतं.

यात चूक कुठे आहे, असं एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना विचारलं तर बहुतेक जण इंटर्नकडे बोट दाखवतात. उपायही ठरलेले: ट्रेनिंग द्या, भिंतीवर पोस्टर लावा. हे दोन्ही उपाय सगळ्यात कमकुवत. इंटर्न दर काही महिन्यांनी बदलतात आणि पोस्टर आठवड्यात भिंतीचाच भाग होऊन जातं. आरोग्यसेवेचा दर्जा सुधारण्याचं शास्त्र, म्हणजे दवाखान्यात ज्याला सगळे क्यूआय (क्वालिटी इम्प्रूव्हमेंट) म्हणतात ते, कामाच्या पद्धतीत बदल शोधतं आणि तो लागू पडला की नाही हे मोजून ठरवतं. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना ते ऑनलाइन कसं शिकवायचं, हा इथला विषय.

या शास्त्राचा जन्म दवाखान्यातला नाही. टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यांसाठी वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन संशोधकाने १९२४ मध्ये नियंत्रण आलेख मांडला, म्हणजे आकड्यांतला चढउतार नेहमीचा की वेगळा हे दाखवणारा आलेख. पुढे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी ‘ठरवा, करून पाहा, तपासा, पुढचं ठरवा’ हे चक्र जगभर नेलं. अमेरिकेत १९९१ मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंटने २००८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन ‘ओपन स्कूल’ काढलं. आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटनेचं आग्नेय आशिया कार्यालय आणि दिल्लीचं एम्स यांनी मिळून बनवलेला चार पायऱ्यांचा अभ्यासक्रम आहे: प्रश्न निवडून टीम आणि ध्येय ठरवणं, कारणं शोधणं आणि मोजणं, बदल करून पाहणं, बदल टिकवणं. म्हणजे साहित्याला तोटा नाही. अडतं ते मोजण्यापाशी, कारण व्हिडिओ पाहून कुणाला मोजता येत नाही, जसं पोहण्याचा व्हिडिओ पाहून पोहता येत नाही.

म्हणून आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स आखताना व्हिडिओ आठवड्याला एकच ठेवावा, दहा-बारा मिनिटांचा. पाच-सहा जणांचा गट, आठवड्यातून एकदा ४५ मिनिटांची भेट आणि आकडे भरायला सगळ्यांना दिसणारी एक ऑनलाइन शीट. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही. तिथल्या विद्यार्थ्याने आलेखाच्या वहीत रोजच्या आकड्यांची टिंबं मांडून फोटो पाठवला तरी काम भागतं, किंबहुना हाताने काढलेला आलेख जास्त नीट समजतो.

पहिले दोन आठवडे वॉर्डात जायचंच नाही, घरातलं काहीतरी मोजायचं. समजा, निपाणीतल्या घरी आजीची बीपीची गोळी. बरेच जण ‘घेतली की नाही’ एवढंच लिहितात. मग आलेखावर नुसते शून्य आणि एक येतात, आणि त्यातून काही वाचता येत नाही. त्यापेक्षा ‘सकाळी आठच्या पुढे किती मिनिटं उशीर’ हे लिहावं. दहा-बारा दिवस काहीही न बदलता मोजायचं, मग एकच बदल: पाकीट कपाटातून काढून चहाच्या डब्याशेजारी. एका वेळी तीन बदल केले तर नेमकं कशाने जमलं ते कधीच कळत नाही.

तिसऱ्या आठवड्यात वॉर्ड. आधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीला कल्पना. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वॉर्डच्या सिस्टरांशी बोलणं. त्यांना वगळून केलेला प्रकल्प विद्यार्थी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संपतो. शीटमध्ये पेशंटचं नाव, आयपी नंबर (भरतीचा क्रमांक), फोटो यांपैकी काहीही जाता कामा नये, फक्त अनुक्रमांक. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर केस पेपरचा फोटो टाकणं ही या कोर्समधली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट चूक.

मग ध्येयवाक्य. ‘पेशंटला नीट समजावून सांगणे’ हे ध्येय होत नाही. ‘महिला मेडिसिन वॉर्डातून घरी जाणाऱ्या पेशंटची औषधांबद्दलची बरोबर उत्तरं सहा आठवड्यांत ४० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर नेणे’ हे होतं: कुणासाठी, किती, कधीपर्यंत.

त्यासाठी मोजायचं असं. रोज डिस्चार्ज होणारे पाच पेशंट, प्रत्येकाला त्याच्या भाषेत चार प्रश्न: गोळी कशासाठी, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, काय झालं तर लगेच परत यायचं. रोजची एकूण उत्तरं वीस, त्यातली बरोबर किती, एवढाच आकडा. विचारायची पद्धतही ठरलेली: "आज्जी, घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, ते मला सांगा बघू." परीक्षा आमची आहे, तुमची नाही, हे आधी सांगावं, नाहीतर पेशंट बिचकतो.

इथेच ऑनलाइन गट सगळ्यात जास्त घसरतो. बेळगावातला एक विद्यार्थी ‘सकाळ-संध्याकाळ’ हे उत्तर बरोबर धरतो, चिकोडीतला दुसरा ‘आठ आणि आठ’ असं ऐकल्याशिवाय धरत नाही. दोघांचे आकडे एका आलेखात घातले की आलेख खोटा. म्हणून व्याख्या लिहून काढायची, दहा काल्पनिक उत्तरं दोघांनी वेगवेगळी तपासायची आणि दहापैकी नऊ जुळेपर्यंत वॉर्डात मोजणी सुरू करायची नाही.

कारणं शोधताना माशाच्या काट्यासारखी आकृती काढतात, एकेका काट्यावर एकेक कारण. त्याआधी काम प्रत्यक्षात कसं चालतं ते टिपावं. विद्यार्थी हमखास पुस्तकातला क्रम काढतात: डॉक्टर कार्ड लिहितो, समजावतो, पेशंट औषधं घेतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा समजावणं औषधं हातात येण्याआधीच होतं. मुलगा औषधांच्या काउंटरवर रांगेत आणि आज्जी खाटेवर. ज्याने ऐकलं त्याच्याकडे गोळ्या नाहीत, ज्याच्याकडे गोळ्या आहेत त्याने ऐकलेलं नाही. भाषेइतकंच हेही कारण, आणि ते घरी बसून सुचत नाही.

बदल म्हणून समजा पाकिटावर सूर्य-चंद्राची चित्रं काढली आणि गोळ्या हातात आल्यावरच समजवायचं ठरलं. पहिली चाचणी एका पेशंटवर, एका दिवशी. चंद्र म्हणजे ‘अमावस्या-पौर्णिमेला घ्यायची’ असं कुणाला वाटलं तर ते याच टप्प्यावर कळतं, पाचशे स्टिकर छापल्यावर नाही. मग तीन पेशंट, मग पाच.

आता आलेख. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर टक्के. बदलाआधीचे बारा आकडे चढत्या क्रमाने लावून सहावा आणि सातवा यांचा मध्य घ्यायचा. ते ४० आणि ४५ असतील तर मध्यरेषा ४२.५ वर. सरासरी घेत नाहीत, कारण एखादा भलताच दिवस तिला ओढून नेतो. मध्यरेषेच्या एकाच बाजूला सलग सहा टिंबं आली, तर बदल खरा मानायला आधार आहे. नाणं सहा वेळा उडवून सहाही वेळा छापा किंवा सहाही वेळा काटा पडण्याची शक्यता ३२ मध्ये १, तोच हिशोब इथे. सलग पाच टिंबं चढत किंवा उतरत गेली तर तोही इशारा. नेमकं रेषेवर पडलेलं टिंब मोजायचं नाही. दोन चांगले दिवस पाहून ‘सुधारणा झाली’ असं लिहिणारे अहवाल मात्र ढिगाने येतात. सोबत डिस्चार्जला लागणारा वेळही नोंदवावा. समज वाढली पण प्रत्येक पेशंट दोन तास खोळंबला, तर सिस्टर ती पद्धत ठेवणार नाहीत.

काय मोजतो आहोत, याचा मोठा धडा याच बेळगाव भागाशी जोडलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित प्रसूती चेकलिस्टची २०१० मधली चाचणी कर्नाटकातल्या एका प्रसूती केंद्रात झाली आणि तिच्यात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे संशोधक होते. २९ आवश्यक कृतींपैकी आधी सरासरी १० होत होत्या, नंतर २५. पुढे उत्तर प्रदेशात १२० केंद्रांवर मोठा अभ्यास झाला. २०१७ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांत कृती सुधारलेल्या दिसल्या, पण माता आणि बाळांच्या मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक पडला नव्हता. कृतींचा आलेख चढला म्हणजे परिणामाचा चढेलच असं नाही. आज्जीने चारही उत्तरं बरोबर दिली, तरी गोळ्या तिने घेतल्या का, हे दोन आठवड्यांनी ती ओपीडीत आल्यावर पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजूनच कळणार.

आठव्या आठवड्यात विद्यार्थी परीक्षेला बसतात. तोवर रोजच्या पाच पेशंटचं काम सिस्टरांच्या डिस्चार्ज रजिस्टरमध्ये एका जादा रकान्यात उतरलेलं असावं, आणि मोजणी रोजऐवजी फक्त सोमवारी.