परदेशातली नर्स आणि परदेशातली केअरगिव्हर

वृद्धांच्या सेवेसाठी परदेशी जाणाऱ्या स्त्रियांबद्दल बोलताना आपल्याकडे ‘नर्स’ आणि ‘केअरगिव्हर’ (वृद्धाच्या घरी राहून त्याला सांभाळणारी) हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘मुलगी तिकडे पेशंट सांभाळते’ एवढेच नातेवाइकांना ठाऊक असते. या गोंधळाला कारणही आहे. आपल्या रुग्णालयांत रुग्णाचे अंग पुसणे, त्याला भरवणे, कपडे बदलणे ही कामे बहुतेक वेळा मावशी किंवा घरची माणसे करतात; जर्मनीत ती नर्सच्याच कामात मोडतात. त्यामुळे बीएससी नर्सिंग करून गेलेल्या मुलीला तिथे डायपर बदलावा लागला, की आपल्याला आयाच्या कामाला लावले असे तिला वाटू शकते. केवळ काम पाहून नर्स आणि केअरगिव्हर यांच्यातला फरक ओळखता येत नाही. पगार कोणाच्या खिशातून येतो, तास कसे मोजले जातात आणि म्हातारपणासाठी हाती काय उरते, हे विचारले की तो उघड होतो.

नर्सचा मार्ग लांब, पण नोंदींचा असतो. जर्मनीत पूर्ण दर्जाची नर्स म्हणून काम करायचे, तर साधारणपणे बी-२ पातळीची (युरोपातल्या भाषा-मोजपट्टीवरची वरची मध्यम पायरी) जर्मन भाषा आणि भारतीय पदवीला तिथल्या यंत्रणेची मान्यता लागते. ती मिळाली की मालक एखादे रुग्णालय किंवा वृद्धाश्रम असतो, पाळ्या ठरलेल्या असतात आणि दरमहा पेन्शनची वर्गणी कापली जाते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा जो करार केला, तो याच वाटेचा आहे.

केअरगिव्हरचा मालक मात्र बहुधा एक कुटुंब असते, आणि पैसा आटोपशीर असतो. जर्मनीत दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा १९९५ पासून आहे. घरीच राहणाऱ्या वृद्धाला त्यातून रोख रक्कम घेता येते. त्या रकमेत स्वतःचे पेन्शन घालून अनेक कुटुंबे पूर्व युरोपातली बाई घरी ठेवतात. तिची खोली शेजारीच असते, दार रात्रीही उघडे असते, आणि आजी दोन वाजता उठल्या की तीही उठते. अशाच एका बल्गेरियन स्त्रीच्या करारात आठवड्याला ३० तास लिहिले होते. बर्लिनमधल्या नव्वदीपलीकडच्या बाईंसाठी आपण प्रत्यक्षात दिवसरात्र तयार राहिलो, असे तिचे म्हणणे होते. जून २०२१ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने निर्णय दिला, की हाकेच्या अंतरावर थांबून राहण्याचा वेळही किमान वेतनास पात्र आहे. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, कारण वाट पाहणे हेही श्रम आहेत, हे त्यात स्पष्टपणे मान्य झाले.

इस्रायलमध्ये नेमके उलट घडले. तिथे १९८८ पासून लागू असलेला शुश्रूषा विमा आणि कुटुंबाचा खिसा यांतून केअरगिव्हरचा पगार निघतो, आणि तिथल्या भारतीय कामगारांत अनेक वर्षे सर्वात मोठा गट याच स्त्री-पुरुषांचा, मुख्यतः केरळमधून गेलेल्यांचा, राहिला आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले, की कामाचे तास आणि विश्रांती यांचा कायदा रुग्णाच्या घरी राहणाऱ्या केअरगिव्हरला लागू होत नाही. म्हणजे जादा तासांचा पगार कायद्याने मागता येत नाही. शिवाय रुग्ण दगावला, की नोकरी आणि राहण्याची जागा दोन्ही एकदम धोक्यात येतात. वृद्धाश्रमातल्या नर्सच्या वाट्याला हे येत नाही.

अर्थशास्त्राच्या वहीतही या दोघींची नोंद सारखी होत नाही. नर्स गेली की तिच्या शिक्षणावर झालेला खर्च, रिकामी राहिलेली जागा यांचा हिशेब मांडला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भरतीसाठी आचारसंहिता केली, तीही याच काळजीपोटी. केअरगिव्हर गेली तर मागे राहिलेल्या मुलांना तिची आई किंवा सासू सांभाळते, आणि साठीपुढच्या त्या बाईच्या श्रमांना मोबदला नसल्याने कोणत्याच आकडेवारीत ते दिसत नाहीत. परदेशातून येणारी रक्कम तेवढी मोजली जाते. एका देशातल्या म्हाताऱ्यांची सोय दुसऱ्या देशातल्या म्हाताऱ्या बायकांच्या फुकट कष्टांवर उभी राहते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

आणि जाणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे म्हातारपण? भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे; त्यामुळे दोन्हीकडची वर्गणीची वर्षे पेन्शनच्या पात्रतेसाठी एकत्र धरता येतात, आणि कमावलेले जर्मन पेन्शन भारतात राहूनही घेता येते. इस्रायलमधून परतणाऱ्या केअरगिव्हरला जाताना सहसा एकरकमी पैसे मिळतात. पन्नाशीत हातात आलेली ती रक्कम घराचे कर्ज, मुलीचे लग्न, भावाचे दुकान यांत किती लवकर विरून जाते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी आपल्याच घरांत पाहिले आहे.