मॅग्नमची गोळी आणि आडवा वारा

लांब पल्ल्याच्या शिकारीचे व्हिडिओ पाहून दोन समज घट्ट होतात. एक, मॅग्नम रायफलची, म्हणजे जास्त दारूच्या जोरकस काडतुसाच्या रायफलची, गोळी सरळ रेषेत जाते. दोन, तिचा दणका इतका मोठा असतो की एल्कसारखं धिप्पाड हरीणही जागच्या जागी उडून पडतं. पहिल्या समजाला शाळेतला गुरुत्वाकर्षणाचा धडा पुरेसा आहे आणि दुसऱ्याला न्यूटनचे नियम.

दुसरा समज आधी निकालात काढू. पॉइंट ३०० विंचेस्टर मॅग्नम हे १९६३ साली बाजारात आलेलं काडतूस. त्यातली १८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने नळीतून सुटते. ५०० मीटरवर पोहोचेपर्यंत हा वेग सेकंदाला ६०० मीटर इतका उतरतो. तिथे तिचा संवेग भरतो ७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. ३०० किलोच्या एल्कच्या अंगात ती पूर्ण रुतली, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर. गोळीने जनावर उडत असतं, तर त्याआधी रायफलच्या धक्क्याने शिकारीच उडाला असता!

जनावर पडतं ते फुप्फुसं आणि हृदय फाटून रक्तदाब कोसळतो म्हणून. त्यासाठी गोळीचं टोक शरीरात शिरल्यावर फुलावं लागतं. शिशाचा गाभा असलेल्या बऱ्याच शिकारी गोळ्यांना फुलण्यासाठी सेकंदाला ५५० मीटरच्या आसपास वेग लागतो, अखंड तांब्याच्या गोळ्यांना सहसा त्याहून थोडा जास्त. वेग याखाली गेला की गोळी बारीक भोक पाडून आरपार निघून जाते आणि जखमी जनावर मैलोन्‌मैल चालत राहतं. म्हणजे गोळी कुठवर पोहोचते याला अर्थ नाही, कुठवर फुलते ते पाहायचं.

आता सरळ रेषेबद्दल. रायफल २०० मीटरवर नेम आणि मारा जुळेल अशी लावलेली असेल, तर हीच गोळी ५०० मीटरवर नेमाच्या सुमारे १.३ मीटर खाली लागते. नेमाच्या दुर्बिणीचा, म्हणजे स्कोपचा, एक क्लिक ०.१ मिल (एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) असेल, तर ५०० मीटरवर तो ५ सेंटीमीटरचा होतो, म्हणजे २६ क्लिक वर घ्यायचे. आकडा मोठा असला तरी तो आधीच काढून ठेवता येतो. फक्त अंतर अचूक हवं. इतक्या लांबवर गोळी बरीच तिरकी खाली येत असते, त्यामुळे अंतर २५ मीटरने चुकलं तर मारा सुमारे १३-१४ सेंटीमीटरने चुकतो. एल्कच्या छातीतला जीवघेणा भाग २५ ते ३० सेंटीमीटर रुंद धरतात, म्हणजे मध्यावर नेम धरूनही गोळी त्याच्या काठावर किंवा बाहेर. लेझर रेंजफाइंडरचा किरण पुढच्या गवतावरून किंवा मागच्या झुडपावरून परत येतो, तिथेच अशी चूक होते. निदान तीनदा मोजावं आणि आकडे जुळले तरच धरावेत. चढ-उतारावर ३० अंशाचा कोन असेल, तर गोळीच्या घसरणीसाठी ५०० ऐवजी आडवं अंतर, म्हणजे ४३३ मीटर धरायचं. वाऱ्याच्या हिशेबात मात्र पूर्ण ५०० मीटरच.

खरी गंमत वाऱ्यात आहे. वारा गोळीच्या कुशीवर आपटतो आणि तिला सोबत वाहून नेतो, असं बहुतेकांना वाटतं. ५०० मीटर जायला या गोळीला ०.६७५ सेकंद लागतात. सेकंदाला ४ मीटरच्या आडव्या वाऱ्याने तिला खरोखरच सोबत नेलं असतं, तर ती २.७ मीटर सरकली असती. प्रत्यक्षात सरकते ४८ सेंटीमीटर. हा आकडा येतो कुठून?

आपण वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या फुग्यात बसलोय अशी कल्पना करा. आपल्या दृष्टीने हवा स्तब्ध आहे. उलट जमीन, शिकारी आणि जनावर सगळेच सेकंदाला ४ मीटरने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चाललेत. मग गोळी नळीतून निघतानाच तिला ९०० मीटरचा पुढचा आणि ४ मीटरचा बाजूचा वेग आहे, म्हणजे ती किंचित तिरकी निघाली. नळीतल्या आट्यांमुळे ती स्वतःभोवती फिरत असते (१० इंचात एक फेरा असेल, तर मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे) आणि या फिरकीमुळेच कोलांट्या न खाता ती नाक त्या तिरक्या दिशेला वळवून घेते. स्तब्ध हवेचा रोध बरोबर गतीच्या उलट लागतो. त्याने वेग घटतो, दिशा बदलत नाही. ९०० ला ४ हे प्रमाण शेवटपर्यंत टिकतं, म्हणून ५०० मीटर पुढे जाताना गोळी २.२२ मीटर बाजूला जाते. तेवढ्या ०.६७५ सेकंदात जनावर मात्र २.७ मीटर सरकलेलं असतं. दोन्हींतला फरक तेच ४८ सेंटीमीटर.

फुग्यातून खाली उतरून मांडलं तर असं: विचलन = वाऱ्याचा वेग × (प्रत्यक्ष उड्डाणकाळ − निर्वातात लागला असता तो काळ). इथे कंसातली किंमत ०.६७५ वजा ०.५५६, म्हणजे ०.११९ सेकंद. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच तोफखाना अधिकारी इसिदोर दिदियों यांच्या नावाने ओळखलं जातं. ते सांगतं की वाऱ्यापुढे गोळी किती वेळ हवेत होती हे मोजायचं नसतं, रोधामुळे तिला किती उशीर झाला हे मोजायचं असतं. वेग मुळीच न गमावणारी गोळी वादळातही रेघभर हलली नसती.

याचा एक चमत्कारिक परिणाम पॉइंट २२ च्या छोट्या काडतुसात दिसतो. त्यातली स्वनातीत वेगाची गोळी आडव्या वाऱ्यात ध्वनीपेक्षा हळू जाणाऱ्या गोळीपेक्षा जास्त सरकते, कारण ध्वनीच्या वेगाजवळ रोध एकदम वाढतो आणि वेगवान गोळीला तुलनेने जास्त उशीर होतो. तेव्हा नुसती दारू वाढवून वाऱ्यावर मात होत नाही. लांब, निमुळती, जड गोळी मॅग्नमच्या वेगाने सोडली की उशीर कमी होतो. मॅग्नमचा खरा फायदा हा आहे.

सूत्र नेमकं असलं तरी त्यात घालायचा वाऱ्याचा वेग अंदाजाचाच. हातातला वायुवेगमापक फक्त आपल्यापाशी मोजतो. दरीपलीकडचा वारा बघूनच ओळखावा लागतो: चेहऱ्याला जाणवतो आणि पानं सळसळतात तेव्हा साधारण २-३ मीटर, पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर ४-५. वारा नेमाच्या रेषेशी ३० अंशातून येत असेल तर परिणाम निम्मा. शिकाऱ्याजवळचा वारा जास्त भोवतो, कारण सुरुवातीला मिळालेला तिरकेपणा पुढचं सगळं अंतर वाढत जातो. अंदाज २ मीटरने चुकला की ५०० मीटरवर २४ सेंटीमीटरची चूक, आणि अशी चूक मुरलेल्या माणसाचीही होते.

हे सोडून इंटरनेटवर चर्चा रंगते ती पृथ्वीच्या परिवलनाची! ५०० मीटरवर त्याचा आडवा परिणाम दोन सेंटीमीटरच्या आतबाहेर. गोळीच्या फिरकीने येणारं विचलन चार-पाच सेंटीमीटर. वाऱ्यापुढे दोन्ही चिल्लर. दमट हवा जड असते हाही गैरसमजच; पाण्याचा रेणू नायट्रोजनपेक्षा हलका असतो. डोंगरावर खरा घोळ होतो तो वायुदाबाचा. हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीला जुळवून घेतलेला असतो. तोच क्लिकचा हिशेब करणाऱ्या अ‍ॅपमध्ये भरला तर अ‍ॅप हवा दाट समजतं, जास्त क्लिक सांगतं आणि गोळी वर जाते. जागेवर मोजलेला दाबच भरायचा.

चार किलोच्या रायफलचा धक्का ३५ ज्यूलच्या आसपास असतो. त्या भीतीने चाप ओढण्याआधीच खांदा आणि पापण्या आकसतात. सरावात दुसऱ्याने न सांगता मध्येच नकली काडतूस भरून द्यावं. बार न होताही नळी डुचमळली, तर दोष स्कोपचा नाही. नळीच्या तोंडावर बसवलेल्या मझल ब्रेकने धक्का घटतो, पण आवाज कानांकडे वळतो. कानांवर संरक्षण हवंच.

शेवटी जनावराचं पाऊल. सेकंदाला १.२ मीटरने चालणारं एल्क ०.६७५ सेकंदात ८० सेंटीमीटर पुढे जातं; छातीवर धरलेली गोळी पोटात लागते. म्हणून चालत्या किंवा पाऊल उचलू पाहणाऱ्या जनावरावर इतक्या लांबून चाप ओढत नाहीत. बार झाल्यावर लगेच दुसरं काडतूस भरायचं, नजर स्कोपमध्येच ठेवायची. जागा सोडण्याआधी जनावराच्या उभ्या जागेचं अंतर, होकायंत्रावरची दिशा आणि शेजारचा ठळक खडक टिपून घ्यायचा. दरी ओलांडल्यावर सगळी झुडपं सारखीच दिसतात. तिथून उलट मोजून अंतर आणि दिशा जुळल्याशिवाय रक्ताचा माग शोधायला सुरुवात करू नये.