ग्रीड कोसळणे वेगळे, खांब कोसळणे वेगळे

१३ मार्च १९८९ च्या पहाटे कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचे अख्खे ग्रीड, म्हणजे वीज केंद्रे आणि तारांचे जोडलेले जाळे, दीड मिनिटात कोसळले. कारण होते सौर वादळ. साठ लाख माणसे अंधारात गेली आणि साधारण नऊ तासांत बहुतेकांची लाइट परत आली. त्याच क्वेबेकमध्ये जानेवारी १९९८ मध्ये काही दिवस सलग गोठणारा पाऊस पडला. तारांवर बर्फाचे जाड थर चढले आणि त्या वजनाने सुमारे हजार पोलादी मनोरे व तीस हजारांवर लाकडी खांब मोडून पडले. या खेपेला ग्रीड पुरते बंद पडलेही नव्हते, तरी काही वस्त्यांनी महिनाभर अंधार काढला.

एकच प्रांत, एकच वीज कंपनी. ऐकायला भयंकर वाटणारी घटना एका दिवसात आटोपली आणि ‘तारा तुटल्या’ एवढ्यात सांगता येईल अशी घटना महिनाभर पुरली. आपल्याकडे ‘ग्रीड गेले तर काय’ अशी चर्चा निघते तेव्हा या दोन गोष्टींची सरमिसळ होते. त्यामुळे तयारीही भलत्याच संकटाची होते: भीती महिनाभराच्या अंधाराची आणि घरात आणलेली साधने सहा तासांची.

ग्रीड कोसळते म्हणजे काय होते

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रीड उरलेल्या देशाशी जोडले गेले. तेव्हापासून सगळ्या भारताचे ग्रीड एका ठेक्यात चालते. जोडलेली सगळी मोठी जनित्रे ५० हर्ट्‌झच्या तालात फिरतात, म्हणजे विजेची सेकंदाला ५० आवर्तने. वीज तारेत साठून राहत नाही, म्हणून ज्या क्षणी जितकी मागणी त्या क्षणी तितकीच निर्मिती लागते. मागणी वरचढ झाली की ठेका मंदावतो, निर्मिती वरचढ झाली की वाढतो. नियमाने तो ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान राहायला हवा. फारच बिघडला तर जनित्रे स्वतःला वाचवण्यासाठी ग्रीडमधून सुटतात, त्यांचा भार उरलेल्यांवर येतो, मग तीही सुटतात. लाइनचेही तसेच. एकीवर भार जास्त झाला की ती ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते, आणि तिची वीज शेजारच्या लाइनवर लोटली जाते.

३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास हेच झाले. पश्चिम भारतातून उत्तरेकडे भरमसाट वीज ओढली जात होती. बिना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन ट्रिप झाली आणि उत्तरेचे ग्रीड बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रीड गेली. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात वीज नव्हती. जगातली ती सर्वांत मोठी वीजखंडित घटना मानली जाते. महाराष्ट्र त्या दोन्ही दिवशी वाचला, कारण लाइन ट्रिप होताच आपले पश्चिम ग्रीड बाजूला राहिले. पण ३१ तारखेला गेलेली वीज त्याच रात्री बहुतेक ठिकाणी परत आली होती, कारण मोडले काहीच नव्हते. मनोरे उभे होते, तारा शाबूत होत्या. सगळी यंत्रे धडधाकट होती, फक्त थांबली होती.

थांबलेली यंत्रे पुन्हा फिरवणे सोपे नाही, हेही खरे. कोळशाचे वीज केंद्र चालू करायलाच वीज लागते: कोळसा दळायच्या चक्क्या, पंखे, पाण्याचे पंप. बाहेरून वीज मिळाली नाही तर ते केंद्र स्वतःच्या पायावर उठत नाही. जलविद्युतला तेवढा व्याप नाही. दरवाजे उघडायला डिझेल जनरेटर पुरतो आणि पाणी टर्बाइनवर सोडले की वीज तयार. म्हणून काळोखातून सुरुवात बहुतेकदा धरणापासून होते. तिथली वीज एका लाइनने औष्णिक केंद्रापर्यंत न्यायची, ते उठवायचे, थोडे गाव जोडायचे, ठेका सावरला की आणखी थोडे. घाई केली तर सगळे पुन्हा बसते. म्हणून या कामाला मिनिटे पुरत नाहीत. त्याला काही तास लागतात, फार तर एखादा दिवस.

मुंबईने १२ ऑक्टोबर २०२० ला याची छोटी आवृत्ती पाहिली. कळव्याच्या बाजूने शहरात येणाऱ्या लाइन गेल्या, आणि बाहेरचे ग्रीड कोलमडले तर मुंबईने स्वतःपुरते बेट होऊन चालू राहायचे, अशी जी दशकांपूर्वीची योजना होती ती त्या दिवशी तग धरू शकली नाही. लोकल दुपारी पुन्हा धावू लागल्या. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश दुपारी साडेबाराच्या सुमारास अंधारात गेले, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जवळपास सगळे सुरळीत होते.

जाता जाता भारनियमनाबद्दल. ग्रामीण महाराष्ट्राने वर्षानुवर्षे सोसलेले बारा-बारा तासांचे भारनियमन म्हणजे ग्रीड कोसळणे नव्हे. ते ग्रीड कोसळू नये म्हणून मुद्दाम केलेली कपात आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीने वीज केंद्रे बंद पडली तेव्हा तिथल्या नियंत्रकांनी लाखो घरांची वीज मुद्दाम तोडली. तसे केले नसते तर सगळे ग्रीड जायला पाच मिनिटेही उरली नव्हती. लोकांनी शिव्या दिल्या, त्या समजण्यासारख्या होत्या. घरे थंडीने गारठली, माणसे मेली. पण तो निर्णय चुकीचा नव्हता.

आणि खांब पडतात तेव्हा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन–दिवेआगरच्या पट्ट्यात आदळले. राज्याच्या ग्रीडला त्याचा धक्काही जाणवला नसेल. मुंबईत बहुतेक घरांत टीव्ही चालू होते. पण श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोलीत नारळ-पोफळी-आंबे तारांवर पडले, सिमेंटचे खांब मधोमध मोडले, डीपी (गावातले ट्रान्सफॉर्मर) ओट्यासकट खाली आले. कुठे ३३ केव्हीची लाइन गेली, तिच्यावरची सबस्टेशन मेली, त्यांच्यावरचे ११ केव्हीचे फिडर (सबस्टेशनमधून गावांकडे जाणाऱ्या लाइन) आणि त्यांच्याखालच्या वाड्या. लगोलग पावसाळा लागला, वर कोरोनाची टाळेबंदी. राज्याच्या इतर भागांतून वायरमन आले, पण जिथे गाडी जात नाही तिथे खांब माणसांनी खांद्यावरून चिखलातून न्यायचा. काही वाड्यांना महिना उलटून गेल्यावर लाइट मिळाली.

इथे नियंत्रण कक्षात बसून करण्यासारखे काही नसते. धरण भरलेले आहे, कोळसा आहे, वीज हवी तितकी आहे. ती घरापर्यंत आणणारा रस्ताच नाही. दुरुस्तीचा क्रम ठरलेला: आधी सबस्टेशन, मग दवाखाना आणि पाणी योजना, मग बाजारपेठ, मग मोठी गावे. फिडरच्या शेपटाला असलेली वाडी शेवटी. तुमचे घर कोणत्या फिडरवर, कितव्या डीपीवर आहे हे एकदा वायरमनला विचारून ठेवा. तयारी किती दिवसांची करायची याचा याहून चांगला अंदाज दुसऱ्या कशाने येत नाही. अलिबाग-रत्नागिरीसारख्या ठिकाणी केबल जमिनीखाली घालायचे काम हाती घेतले गेले ते यासाठीच. ती वाऱ्याला दाद देत नाही. बिघडली तर नेमकी जागा शोधायला मात्र वेळ खाते.

ज्याला जग ‘वर्षभर वीज नाही’ म्हणून घाबरते ते खरे कधी होते, तर पहिल्या घटनेचे रूपांतर दुसऱ्यात झाले की. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिकोचे ग्रीड बसवले आणि खांब, मनोरेही आडवे केले. शेवटच्या घरांना वीज मिळायला जवळपास अकरा महिने गेले. युक्रेनमध्ये २०२२ पासून रशियाने सबस्टेशनमधल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरवरच नेम धरला, तोही हेच जाणून. गावातला डीपी स्टोअरमध्ये मिळतो. ४०० केव्हीचा ट्रान्सफॉर्मर मात्र मागणीनुसार बनतो, त्याला वर्ष किंवा जास्त लागते, आणि त्याचे वजन इतके की वाटेतले पूल तपासून मगच तो हलवतात. तेव्हा देश किती अंधारात गेला यापेक्षा मोडले काय, हा प्रश्न आधी विचारावा.

घरात काय ठेवायचे

ग्रीडच्या घटनेला इन्व्हर्टर पुरतो. १५० एएचची (अँपिअर-तास) १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते, हाती बाराशेच्या आसपास येतात. ७५ वॉटचे दोन साधे पंखे आणि ९ वॉटचे चार दिवे लावले तर सहा-साडेसहा तास. पंखे कमी वीज खाणारे, बीएलडीसी मोटरचे असतील तर बारा. ग्रीड उठेपर्यंत तेवढे बहुधा पुरते. पण खांब पडले असतील तर दुसऱ्या दिवशी तो इन्व्हर्टर म्हणजे नुसती वजनदार पेटी. त्यातून बॅटरी रिकामी होऊन तशीच महिनाभर पडली तर ती कायमची बसते. म्हणून वादळानंतर पहिल्याच रात्री पंखे लावून ती संपवू नका. एक दिवा आणि मोबाइल, एवढ्यावरच चालवा.

मग छतावरचे सोलर? फसगत होते ती इथेच. २०२४ च्या, छतावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या सूर्यघर योजनेनंतर गावोगाव पॅनल दिसू लागले, पण त्यांतले बहुतेक ऑन-ग्रीड आहेत. बाहेरची लाइट गेली की त्यांचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. भर उन्हात, तीन किलोवॉटचे पॅनल डोक्यावर असूनही घरात अंधार. तो बिघाड नव्हे. तुमची वीज मेलेल्या तारेत जाऊन खांबावर काम करणारा माणूस दगावू नये म्हणून तशी सोय केलेली असते. अंधारातही चालावे असे वाटत असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि ते सोलर बसवायच्या आधी विक्रेत्याला स्पष्ट विचारावे लागते. ते महाग आहे. माझ्या मते खेड्यातल्या घराला त्यापेक्षा एक सुटे पॅनल, चार्ज कंट्रोलर आणि छोटी बॅटरी बरी. जूनच्या ढगांत तेही अडखळत चालेल, पण फोन आणि दोन दिवे निभावतील.

विजेपेक्षा पाणी आधी संपते. एक एचपीचा पंप हजार वॉटच्या आसपास ओढतो आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट. घरातल्या साध्या इन्व्हर्टरला ते झेपत नाही. ग्रामपंचायतीची नळ योजनाही पंपावरच. कोकणात परसात विहीर असते, पण मोटर बसल्यावर पुष्कळांनी रहाट काढून टाकला. तो परत बसवा, दोर आणि पोहरा ठेवा. बोअरवेल असेल तर गावात हातपंप चालू अवस्थेत कुठे आहे ते आजच बघून या. वादळानंतर विहिरीत पालापाचोळा आणि गढूळ पाणी जाते. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचे किंवा उकळून प्यायचे. चोवीस तासांच्या ग्रीड बिघाडाला गच्चीवरची भरलेली टाकी पुरते, तिथे यातले काही लागत नाही.

गिरणी बंद म्हणजे पीठ नाही. महिन्याच्या तयारीत तांदूळ आणि पोहे ज्वारी-गव्हापेक्षा कामाचे. सिलिंडर दोन हवेत. कंदील माळ्यावरून काढाल, पण रेशनचे रॉकेल आता बहुतेक ठिकाणी मिळत नाही, हे लक्षात असू द्या. मोबाइल टॉवर आधी बॅटरीवर, मग डिझेलवर, मग गप्प. निसर्गनंतर अनेक गावांना नातेवाइकांची ख्यालीखुशाली कळायला दिवस लागले. नेटवर्क नाही म्हणजे यूपीआय नाही, एटीएमही नाही, म्हणून सुट्ट्या नोटा घरात ठेवा. इन्सुलिन घेणारे कुणी असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, पण ते तीस अंशांच्या आत हवे. न उघडलेला साठा मात्र थंडच लागतो.

लाइट गेल्यावर कोणती घटना आहे हे ओळखायला फारसे काही लागत नाही. वारा-पाऊस नसताना एकदम गेली आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाकडेही गेलेली असेल तर ग्रीड. सेलवरचा रेडिओ असेल तर आकाशवाणीवर तासाभरात कळेल. पुण्यात आहे आणि तुमच्याकडे नाही, बाहेर झाडे पडली आहेत, तर खांब पडले आहेत; पुढचे काही आठवडे अंधार धरून चाला.

जनरेटर भाड्याने आणणार असाल तर तो घरात किंवा बंद पडवीत लावू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपेत मारतो. आणि त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून घरभर वीज फिरवायचा उद्योग अजिबात नको. मेन स्विच बंद नसेल तर ती वीज उलटी डीपीत जाते, तिथे वाढून ११ हजार व्होल्ट होते, आणि वर चढलेल्या वायरमनने लाइन बंद समजून हात लावलेला असतो. एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.

लाइट येईल तेव्हा गोंधळ दोन्ही घटनांत असतो, पण वादळानंतर जास्त. न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटलेला किंवा ढिला राहिला तर २३० च्या जागी घरात साडेतीनशे-चारशे व्होल्ट येऊ शकतात आणि फ्रिज, टीव्ही एका झटक्यात जळतात. सगळे प्लग आधीच काढून ठेवा. लाइट आल्यावर एक साधा पिवळा बल्ब लावा आणि पाच-दहा मिनिटे बघा. तो भगभगीत झाला किंवा मिणमिणू लागला तर मेन खाली करून वायरमनला हाक मारा.